मेणबत्ती घरात नीट आणि सुरक्षित कशी जाळावी

काचेच्या काठाला काळा पट्टा, मधोमध पडलेली विहीर, एकाच बाजूने गळणारे ओघळ, सतत फडफडणारी ज्योत. या तक्रारी घेऊन लोक मेणाला नावं ठेवतात, महागडी मेणबत्ती आणतात आणि तीही तशीच जळते. बहुतेक वेळा चूक मेणाची नसतेच. वात लांब राहिलेली असते, वारा लागत असतो किंवा मेणबत्ती फार कमी अथवा फार जास्त वेळ जळालेली असते. या तीन गोष्टी हातात आल्या की मेणबत्ती स्वच्छ जळते आणि आगीचा धोकाही बराच कमी होतो.

आधी ज्योत समजून घ्या

ज्योतीत जळतं ते घट्ट मेण नव्हे, आणि वातही फारशी नव्हे. ज्योतीच्या उष्णतेने वातीच्या बुडाशी मेण वितळतं, सुती वात ते पातळ मेण टिपकागदासारखं वर ओढून घेते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. पटत नसेल तर मेणबत्ती फुंकून विझवा आणि वातीतून उठणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला लगेच वरून पेटती काडी लावा. ज्योत त्या रेघेवरून खाली उतरते आणि काडी टेकवायच्या आतच वात पुन्हा पेटते. तो पांढरा धूर म्हणजे न जळता थिजलेली मेणाची वाफ.

ज्योतीचा पिवळा उजेड कार्बनच्या तापून चमकणाऱ्या बारीक कणांचा असतो. हे कण ज्योतीच्या कडेला पोचून तिथल्या हवेत पुरते जळून गेले, तर काळा धूर दिसत नाही. वात लांब असेल तर ती गरजेपेक्षा जास्त मेण वर ओढते, तेवढी वाफ जाळायला हवा पुरत नाही आणि उरलेला कार्बन काजळी होऊन छतावर, भिंतीवर आणि काचेवर बसतो. वाऱ्यानेही हेच होतं. ज्योत आडवी पडली की तिची कडा मोडते आणि कण अर्धवट जळून सुटतात.

हल्लीच्या वातीचं टोक जळताना वाकतं, ते बिघाड म्हणून नव्हे. वेणीसारखी विणलेली ही वात १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आली. विणीतल्या ताणामुळे टोक वळून ज्योतीच्या बाहेरच्या, सर्वांत तापलेल्या भागात जातं आणि तिथे जळून राख होतं. त्याआधीच्या पिळाच्या वाती जळता जळता वरचेवर कातराव्या लागत. आता ते काम वात बरंचसं स्वतः करते; पण पूर्ण करत नाही, म्हणून कातरी अजूनही लागते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. साधारण जाडीची मेणबत्ती तासाला ५ ते ७ ग्रॅम मेण जाळते, आणि त्यातून ७० ते ८० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. जुन्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहिला असेल तर ही उष्णता किती ते कळेल. फरक एवढाच की इथे ती सगळी काचेत बंद नाही, उघडी आहे आणि वरच्या दिशेने जाते.

विकत घेताना काय पाहावं

मेण कुठलं, यावर फार वेळ घालवू नका. पॅराफिन साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं, भांड्यात ओतायचं सोया मेण ५० च्या आसपास, मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना. म्हणून मधमाश्यांच्या मेणाच्या लांब मेणबत्त्या उकाड्यातही ताठ राहतात आणि मऊ सोया मेण भांड्याशिवाय उभं राहत नाही. पॅराफिन ‘विषारी’ आणि सोया ‘काजळीमुक्त’ हा प्रचार मात्र मनावर घेऊ नये. लांब वातीची सोया मेणबत्ती कातरलेल्या वातीच्या पॅराफिनपेक्षा जास्त काजळी करते.

पाहायचं ते वेगळंच. वात बरोबर मध्यभागी आणि सरळ आहे का? एका बाजूला सरकलेली वात काचेची तीच बाजू तापवत राहते आणि पुढे तिथेच तडा जातो. काचेचं बूड जाड आहे का, काठाला चरा किंवा बारीक रेघ आहे का? वातीच्या बुडाशी पत्र्याची छोटी बैठक असते, ती घट्ट बसलेली आहे का? जाड उभी मेणबत्ती सपाट जागी ठेवल्यावर डुगडुगते का? वाळलेली फुलं, पानं, दालचिनीचे तुकडे किंवा चमकी वरून खोचलेली मेणबत्ती दिसायला छान असते, पण ती पेटवायची असेल तर घेऊ नका. मेण वितळलं की हे तुकडे तरंगत ज्योतीपाशी येतात आणि प्रत्येक तुकडा दुसरी वात बनतो.

घरात फार जुनी, वातीत धातूची तार असलेली मेणबत्ती निघाली तर एकदा तपासा. वातीवरचा दोरा सोलून उघडी तार पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर तार शिशाची असण्याची शक्यता आहे. ती मेणबत्ती पेटवू नका. अमेरिकेत शिशाच्या तारेच्या वातींवर २००३ मध्ये बंदी आली. आता तार असते ती सहसा जस्ताची, आणि तिची रेघ उमटत नाही.

जागा

मेणबत्तीच्या चारही बाजूंना किमान ३० सेंटिमीटरपर्यंत पेट घेईल असं काही नको: पडदा, पुस्तकं, कागद, सुकलेली फुलं, उशी, टिश्यूचा डबा. वरची जागा लोक विसरतात. उष्णता वर जाते, त्यामुळे डोक्यावर फळी किंवा कपाटाचं बूड असेल तर त्यात आणि ज्योतीत निदान १ मीटर अंतर हवं. पुस्तकांच्या कपाटाच्या कप्प्यात ठेवलेली मेणबत्ती बाजूंनी मोकळी असली तरी वरच्या फळीला तासाभरात करपवू शकते.

पडद्याचं अंतर मोजताना पडदा आत्ता कुठे आहे ते पाहू नका; खिडकीतून वारा आल्यावर तो कुठवर येतो ते पाहा.

खालचा पृष्ठभाग सपाट, टणक आणि उष्णता सोसणारा हवा. सिरॅमिकची किंवा धातूची बशी सर्वांत सोपी. जाड उभ्या मेणबत्तीखाली काठ असलेलीच बशी घ्या, म्हणजे कडा फुटून मेण वाहिलं तरी ते बशीतच राहील. प्लास्टिकवर, फ्रीजवर, टीव्ही किंवा स्पीकरवर मेणबत्ती नको. पलंगाच्या गादीवर आणि बाथटबच्या अरुंद काठावर तर नकोच नको.

पंखा, एसीचा झोत, उघडी खिडकी आणि सतत उघडझाप होणारं दार, या चौघांच्या वाटेत मेणबत्ती ठेवू नये. याचा अर्थ खोली बंद करून बसा असा नाही. ज्योत हवेतला ऑक्सिजन वापरते, म्हणून खोलीत हवा खेळती पाहिजे. फक्त झोत थेट ज्योतीवर नको. जागा बरोबर आहे का हे पाहायला पेटवल्यावर दहा मिनिटं थांबा. ज्योत एकाच दिशेला सारखी झुकत असेल तर विझवून जागा बदला. मेणबत्ती फिरवून काही साधत नाही, कारण वारा तिथेच असतो.

दोन मेणबत्त्यांमध्ये किमान ७ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवा. जवळ जवळ ठेवलेल्या मेणबत्त्या एकमेकींचं मेण तापवतात आणि एकमेकींसाठी वाराही तयार करतात. सगळ्यांत बेफिकिरीने वापरली जाते ती टी-लाइट, म्हणजे पत्र्याच्या छोट्या वाटीतली बुटकी मेणबत्ती, कारण ती इवलीशी दिसते. एका टी-लाइटमध्ये साधारण ४ तास पुरेल एवढं मेण असतं आणि तिची उष्णता ४० वॅटच्या घरात जाते. ताटलीत दहा टी-लाइट खेटून मांडल्या की ४०० वॅटची शेगडी पेटली म्हणा. मधल्या टी-लाइटचं मेण इतकं तापतं की एका क्षणी वात सोडून मेणाचा सगळा पृष्ठभागच पेट घेतो. त्यात जळकी काडी किंवा वातीचा तुकडा पडलेला असेल तर हे आणखी लवकर होतं.

लहान मुलं आणि पाळीव प्राणी असतील तर उंच ठेवणं पुरेसं नाही. मांजर उंचावर पोचतं आणि मूल टेबलक्लॉथ ओढतं. टेबलक्लॉथ काढूनच ठेवा. पाळलेले पक्षी असतील तर त्यांच्या खोलीत मेणबत्ती नको. त्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. घरात कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या खोलीत ज्योत अजिबात नको, कितीही लहान असो.

पेटवण्याआधी

वात कातरा. दर वेळी, पहिल्या वेळीही. थंड मेणातून वर आलेला भाग सुमारे ६ मिलिमीटर ठेवा. लाकडी वात असेल तर ३ मिलिमीटर. साधी कातरी उभ्या मेणबत्तीला चालते. खोल जारमध्ये ती आडवी जात नाही, तिथे वाकड्या मानेची वात-कातरी किंवा नेलकटर वापरा. मेण घट्ट असतानाच कातरा आणि कापलेला तुकडा व राख बाहेर काढून टाका. जार उपडा करून हलकेच टिचकी मारली की काळा भुगा पडतो.

इथे एक उलटी चूकही होते. जास्त काळजी म्हणून वात ३ मिलिमीटरपेक्षाही खाली कापली, तर ज्योत मिणमिणते, वितळलेल्या मेणात बुडते आणि विझते.

लांब, बारीक मेणबत्ती स्टँडमध्ये ठेवताना ती काटकोनात सरळ उभी राहायला हवी. थोडी जरी कलली तरी ज्योत एक कड जास्त वितळवते आणि ओघळ सुरू होतात. खोबण सैल असेल तर मेणबत्तीचं बूड कोमट पाण्यात मिनिटभर धरून मऊ करा, पुसून कोरडं करा आणि खोबणीत दाबून बसवा. कागदाची घडी खोचू नका. मेणबत्ती संपत आली की तोच कागद पेटतो.

हाताला सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण उडून जाईपर्यंत काडी ओढू नका. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. केस बांधा, सैल बाही वर सारा. खोलीत नुकताच डिओ, केसांचा स्प्रे किंवा कीटकनाशक फवारलं असेल तर हवा बाहेर जाऊ द्या.

पेटवताना ज्योत वातीच्या टोकाला नाही, बुडाशी धरा. मेणाचा पहिला थेंब तिथे वितळतो आणि वात लगेच धरते. खोल जारसाठी लांब दांड्याचा लायटर घ्या. तिरका जार आणि उलटी काडी ही कसरत बोटं भाजण्याची आहे. जळकी काडी जारमध्ये टाकू नका. जवळ पाण्याची वाटी ठेवा.

पहिली वेळ सर्वांत महत्त्वाची

नवी जारमधली मेणबत्ती पहिल्यांदा पेटवली की वितळलेलं मेण चारही बाजूंनी काचेला टेकेपर्यंत ती जळू द्या. साधा हिशेब असा: रुंदी दर २.५ सेंटिमीटरला एक तास. म्हणजे ७.५ सेंटिमीटर रुंदीच्या जारला सुमारे ३ तास. तेवढा वेळ घरात जागं बसायला नसेल तर त्या दिवशी ती मेणबत्ती पेटवूच नका.

अर्ध्या तासात विझवली तर काय होतं? वातीभोवती छोटं तळं तयार होतं आणि थिजतं. दुसऱ्या वेळी ज्योत आधी तेच वितळवते, कारण कडेचं मेण उंच आणि थंड असतं. दर खेपेला वात थोडी खाली जाते, कडा तशाच राहतात आणि मधोमध विहीर पडते. मग ज्योतीला हवा कमी मिळते, उष्णता काचेच्या भिंतीवर जाते, आणि अर्धं मेण न जळताच वाया जातं.

दोन किंवा तीन वाती असलेल्या मेणबत्तीच्या सगळ्या वाती एकाच वेळी पेटवा. एक वाचवून ठेवण्यात बचत नाही. जाड उभ्या मेणबत्तीचं गणित थोडं निराळं आहे: तिथे तळं काठापासून थोडं आतच थांबायला हवं, बाहेरची भिंत उभी राहिली पाहिजे. तळं काठाला टेकून कडा मऊ पडू लागली तर विझवा.

४ तासांची मर्यादा

एका खेपेला ४ तासांपेक्षा जास्त जाळू नका. हा आकडा कंपन्यांनी उगाच छापलेला नाही. तोवर वातीच्या टोकाला कार्बनचा गोळा धरतो, ज्योत मोठी होते, तळं खोल होऊन वात सैल पडते व कलते, आणि काच व खालचा पृष्ठभाग दोन्ही तापत जातात. सुगंधी मेणबत्तीचा वासही या टप्प्यावर चांगला राहत नाही. विझवल्यावर निदान २ तास थंड होऊ द्या, मेण पूर्ण घट्ट झाल्यावर वात कातरा आणि मगच पुन्हा पेटवा.

मेणबत्ती पेटलेली असेल तोवर खोलीत कोणीतरी जागं माणूस हवं. दुसऱ्या खोलीत फोनवर बोलायला जाणं, अंघोळीला जाणं, सोफ्यावर आडवं होणं, हे सगळं ‘लक्ष नाही’ यातच येतं. डोळे जड होऊ लागले की आधी विझवा. वीज गेल्यावर फिरायला मेणबत्ती हातात घेण्यापेक्षा टॉर्च केव्हाही बरी. पेटलेली किंवा नुकती विझवलेली जारमधली मेणबत्ती उचलू नका. पातळ मेण डचमळून वात बुडते, नाहीतर हातावर येतं.

संपत आलेली मेणबत्ती शेवटच्या थेंबापर्यंत जाळण्याचा मोह अनेकांना होतो. जारमध्ये सुमारे १२ मिलिमीटर मेण उरलं की थांबा. स्टँडमध्ये किंवा बशीत उभी असलेली मेणबत्ती ५ सेंटिमीटर उरली की थांबा. मेणाचा थर पातळ झाला की उष्णता थेट काचेच्या बुडाला लागते. जार फुटण्याच्या घटना याच टप्प्यावर होतात.

ज्योतीकडे पाहून काय कळतं

नीट जळणारी ज्योत थेंबाच्या आकाराची, स्थिर आणि अडीच ते चार सेंटिमीटर उंच असते. तिच्याशी ताडून पाहा.

ज्योत उंच आणि टोकाला धूर सोडणारी: वात लांब आहे. विझवा, थंड होऊ द्या, कातरा. जळत्या मेणबत्तीत कातरी घालू नका.

वातीच्या टोकाला काळा, टोपीसारखा गोळा: वात जितकं मेण ओढते तितकं जळत नाही. सुगंधाचं तेल जास्त असलेल्या मेणबत्तीत हे वारंवार होतं. पुढच्या वेळी कातरताना गोळा अलगद काढून टाका. मेणात पडू दिला तर तो पेटतो.

ज्योत वारा नसताना लवलवते: जार अरुंद आणि खोल असेल तर वरून येणारी ताजी हवा आणि खालून जाणारी तापलेली हवा एकमेकींच्या वाटेत येतात. वात आखूड केल्याने थोडा फरक पडतो. काचेला काळा पट्टा येतच राहिला तर ती घडण सदोष आहे, सोडून द्या.

ज्योत बारीक होत विझते: वात बुडतेय. विझवून, मेण पातळ असतानाच कागदी रुमालाच्या टोकाने थोडं टिपून घ्या, वात ६ मिलिमीटर मोकळी झाली की थांबा. थंड झाल्यावर पेटवा.

ज्योत अचानक फार मोठी होते किंवा तडतडते: मेणात पाणी किंवा कचरा आहे. विझवा आणि ती मेणबत्ती टाकून द्या. लाकडी वातीची हलकी कडकड मात्र तिचा स्वभावच आहे.

विहीर पडलीच असेल तर

खड्डा उथळ असेल तर हेअर ड्रायर पुरतो. मेणबत्ती विझलेली असताना, वाऱ्याचा वेग सर्वांत कमी ठेवून, कडेच्या मेणावर गोल फिरवा. वेग जास्त असेल तर पातळ मेण काचेबाहेर उडतं. वरचा थर सपाट झाला की थंड होऊ द्या, वात कातरा आणि पुढच्या वेळी पूर्ण रुंदीचं तळं होईपर्यंत जाळा.

खोल खड्ड्याला ॲल्युमिनियम फॉइल लागतं. मेणबत्ती पेटवून जारच्या काठाभोवती फॉइल घुमटासारखं बसवा, मधोमध सुमारे ३ सेंटिमीटरचं छिद्र ठेवा. आतली उष्णता कडेला वळते आणि तासा-दोन तासांत कडेचं मेण सुटतं. पूर्ण वेळ समोर बसा. छिद्र बंद झालं तर ज्योत गुदमरून धूर करते, आणि फॉइल काढताना ते भाजण्याइतकं तापलेलं असतं, म्हणून आधी विझवा, मग चिमट्याने काढा.

जाड उभ्या मेणबत्तीची भिंत खूप उंच राहिली असेल तर विझवल्यावर ती कोमट आणि मऊ असताना तळव्यांनी हलकेच आत दाबा. फार दाबलं तर चीर पडते.

सोया मेणावर पांढरी फुलोऱ्यासारखी नक्षी किंवा काचेशी ओलसर डाग दिसले तर काळजी करू नका. पहिलं मेणाचं स्फटिकीकरण, दुसरं काचेपासून सुटलेलं मेण. जळण्यावर दोन्हींचा परिणाम नाही.

विझवणं

फुंकर मारल्याने पातळ मेण उडतं, ठिणगी उडू शकते आणि धुराचा वास खोलीभर होतो, कारण ज्योत गेली तरी तापलेली वात मेणाची वाफ सोडतच राहते. सर्वांत स्वच्छ रीत अशी: लांब चिमट्याने किंवा वाकवलेल्या तारेने वात वितळलेल्या मेणात बुडवा आणि लगेच वर काढून सरळ उभी करा. धूर होत नाही, आणि वातीवर मेणाचा थर बसल्याने पुढच्या वेळी ती पटकन पेटते. लाकडी वातीला हे चालत नाही. घंटेसारखी धातूची टोपी ज्योतीवर धरणंही उत्तम. जारचं झाकण धातूचं असेल तर तेही चालतं; लाकडाचं, प्लास्टिकचं किंवा आतून रबरी कडा असलेलं झाकण ज्योतीवर ठेवू नका.

विझवल्यावर वातीच्या टोकाची लाली गेली का ते पाहूनच खोली सोडा. वाढदिवसाच्या केकवरच्या, फुंकल्यावर परत पेटणाऱ्या मेणबत्त्यांच्या वातीत मॅग्नेशियमची पूड असते. त्या काढून पाण्यात बुडवाव्यात, कचऱ्याच्या डब्यात तशाच टाकू नयेत.

मेणच पेटलं तर

वात सोडून भांड्यातल्या मेणाचा सगळा पृष्ठभाग जळू लागला तर पाणी ओतू नका. पाणी मेणापेक्षा जड असल्याने तळाशी जातं, तिथल्या उष्णतेने क्षणात वाफ होतं, आणि वाफेची जागा पाण्याच्या सुमारे १७०० पट असते. ती वाफ जळतं मेण उडवून छतापर्यंत नेते.

भांडं उचलू नका, ढकलू नका. काठापेक्षा मोठं धातूचं झाकण किंवा तवा बाजूने सरकवत वर ठेवा आणि तसंच राहू द्या. आग गेली म्हणून लगेच उघडून पाहायचं नाही. हवा मिळताच तापलेलं मेण परत पेट घेतं. अर्धा तास तरी थांबा. आग भांड्याबाहेर गेली असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला फोन करा. मेणबत्त्या नेहमी जाळणाऱ्या घरात धुराचा अलार्म हवाच.

कातडीवर गरम मेण पडलं तर लगेच थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, काहीही लावू नका. अंगठी, कडं असेल तर सूज येण्याआधी काढा. थंड झाल्यावर मेण आपोआप सुटत असेल तरच काढा; कातडी ओढली जात असेल तर तसंच ठेवून डॉक्टरांकडे जा. चेहरा, डोळे, सांधे किंवा हाताचा तळवा भाजला असेल, फोड मोठा असेल, किंवा भाजलेलं लहान मूल असेल तर वाट पाहू नका.

ठेवणं आणि साफसफाई

लांब मेणबत्त्या आडव्या ठेवा. उभ्या टेकवून ठेवल्या तर उकाड्यात वाकतात. जागा थंड, कोरडी आणि अंधारी असावी. उन्हाने रंग उडतो, उघड्या सुगंधी मेणबत्तीचा वास उडतो, आणि वरची धूळ जळताना तडतडते. धूळ जुन्या मऊ मोज्याने पुसली जाते. मधमाश्यांच्या मेणावर पांढरट पापुद्रा येतो तो बुरशी नव्हे. मऊ कापडाने चोळला की चमक परत येते. फ्रीजरमध्ये ठेवून जास्त वेळ जळेल हा समज सोडा, त्याने मेणाला आतून चिरा पडतात.

सांडलेलं मेण ओलं असताना पुसू नका, पसरतं. घट्ट होऊ द्या. कापडावर पडलं असेल तर बर्फाची पिशवी ठेवून कडक करा, बोथट चमच्याने खरवडा, उरलेल्या डागाच्या वर-खाली जुना कोरा कागदी रुमाल घालून कोमट इस्त्री फिरवा आणि कागद बदलत राहा. रंगीत मेणाचा रंग उरला तर तो वेगळा धुवावा लागतो. लाकडी टेबलावर सुरी लावू नका. हेअर ड्रायरने कोमट करून जुन्या प्लास्टिक कार्डाने उचला.

रिकामा जार तासभर फ्रीजरमध्ये ठेवला की मेण आकसून एका तुकड्यात सुटतं. सुटलं नाही तर कोमट पाण्यात उभा करा आणि मेण कागदावर काढून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये गरम पाण्याने वाहवून दिलेलं मेण पुढे पाइपात थिजतं आणि नळदुरुस्तीवाल्याला बोलावणं येतं. साफ केलेला जार पेन-पेन्सिलींसाठी वापरा. त्यात घरी नवं मेण ओतून पुन्हा वात लावायची असेल तर आधी उजेडात धरून काचेत केसासारखी बारीक रेघ आहे का ते पाहा. एकदा तापून थंड झालेल्या काचेत ती पटकन दिसत नाही. पाणी पिण्याचे पातळ ग्लास तर यासाठी घेऊच नयेत.